पदराखालचा हात

"सुषमा मॅडम, हिचा हात बघा," प्रकाशभाऊ म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन थांबवला.

मी वाकून पाहिलं. काउंटरमागे हर्षदा उभी होती. उजव्या हाताने समोरच्या बाईंना कानातल्यांचा ट्रे दाखवत होती. डावा हात पदराखाली, पोटापाशी. भाऊंनी क्लिप पुढे सरकवली. हात बाहेर आला. थोड्या वेळाने पुन्हा आत गेला. आत जाण्याआधी तिने दोन्हीकडे पाहून घेतलं.

"एकदा असतं तर मी बोललो नसतो. काल दिवसभर हेच चाललं होतं."

जळगावच्या सराफ बाजारात एका सोन्याच्या शोरूममध्ये मी फ्लोअर मॅनेजर आहे. काउंटरवर कोण उभं राहील, कुणाची सुट्टी, कुणाची तक्रार, हे सगळं माझ्याकडे. प्रकाशभाऊ मालक. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, आता घरात मराठीच जास्त बोलली जाते. भाऊ तसे सभ्य माणूस. पण सोन्याचा धंदा करणाऱ्याला झोप कमी आणि संशय जास्त असतो. माझंही तसंच झालंय.

आदल्या संध्याकाळी मिलान लागलं नव्हतं. काउंटर बंद करताना प्रत्येक ट्रेमधले नग मोजायचे आणि कॉम्प्युटरशी जुळवायचे, त्याला आम्ही मिलान म्हणतो. हर्षदाच्या काउंटरवर टॉप्सचा एक जोड कमी भरला. फुलाच्या आकाराचे, मुठीत सहज मावतील असे. ट्रे उपसले, गादीखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा ओतला. नाही मिळाला.

हर्षदा आमच्याकडची चांगली सेल्सगर्ल. माहेर भडगावचं, लग्न होऊन जळगावात आलेली. नवरा रावेरला केळीच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, आठवड्याला घरी यायचा. घरी ती आणि सासू. उंच, शेलाटी, मान लांब. हार नुसता ट्रेमध्ये ठेवून विकला जात नाही, कुणाच्या तरी गळ्यात दिसावा लागतो. नवीन डिझाइन आलं की आम्ही ते हर्षदाच्या गळ्यात घालून गिऱ्हाइकासमोर उभं करायचो. ती आरशासमोर जरा वळायची आणि हार निम्मा विकला जायचा.

पण गेल्या काही आठवड्यांत ती बदलली होती, हे मलाही दिसत होतं. हार घालायला सांगितलं की दुसऱ्या मुलीला पुढे करायची. आरशाकडे पाठ करून उभी राहायची. वॉशरूमला सारखी जायची. डबा सगळ्यांबरोबर खायची नाही. पदर पूर्वी नीट पिन लावलेला असायचा, तो आता सैल सोडून पोटावर घेतलेला. आणि कंबर जाड दिसत होती. सकाळी नाही, संध्याकाळी. संध्याकाळी ज्याची कंबर सकाळपेक्षा जाड दिसते, त्याच्याबद्दल सराफ बाजारात एकच विचार येतो.

"आज सुटताना तिला नीट तपासा," भाऊ म्हणाले. "आणि त्या शोभाअक्कावरही लक्ष ठेवा. दोघी भडगावकडच्या आहेत."

शोभाअक्का आमच्या लेडी गार्ड. स्टाफ सुटताना बायकांची तपासणी त्याच करतात. हातात धरायचं मशीन असतं, धातू आला की वाजतं. मंगळसूत्र आणि खांद्यावरची पिन सोडून दुसरं काही अंगावर आणायचं नाही, असा नियम आहे. रोजची तपासणी मात्र नावाला असते. पर्स उघडायची, मशीन खांद्यापासून एकदा खाली न्यायचं, झालं. त्या दिवशी मी शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का, आज सगळ्यांचं सावकाश."

हर्षदाची पाळी आली. मशीन पोटापाशी आलं आणि वाजलं. अक्कांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा वाजलं.

मागे उभ्या असलेल्या मुली वाकून बघायला लागल्या. हर्षदाने पदर घट्ट धरला होता.

"मॅडम, आठे वाजी ऱ्हायनं," अक्का पोटाकडे बोट दाखवून, माझ्याकडे न बघता हळूच अहिराणीत म्हणाल्या. आणि लगेच, मी काही विचारायच्या आत, "पण पोरगी चोर नई शे."

हे त्यांनी इतक्या घाईने म्हटलं, की मला त्यांचाही संशय आला.

मी हर्षदाला स्टाफच्या चेंजिंग रूममध्ये नेलं आणि कडी लावली.

"काय आहे पदराखाली?"

"काही नाही, मॅडम."

"मशीन वाजलं."

"पिना आहेत."

"दाखव."

"नका ना बघू, मॅडम."

तिचा आवाज चोरी पकडल्यासारखा नव्हता. कपडे बदलताना कुणी दार उघडल्यासारखा होता. पण मी जागची हलले नाही. शेवटी तिने पदर बाजूला केला.

आमच्या युनिफॉर्मची साडी शिवलेली असते. सगळ्यांच्या निऱ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून कमरेला बेल्टसारखी पट्टी, तिला मशीन वाजू नये म्हणून प्लास्टिकचा हुक आणि प्लास्टिकचीच चेन. हर्षदाची चेन अर्ध्यावर होती आणि हुक काजापर्यंत पोहोचत नव्हता. मधल्या फटीत तिने एकात एक अडकवून सेफ्टी पिनांची साखळी केली होती. पट्टीच्या कडेने पोटावर लाल वळ उठला होता. पोट फुगून ताठ झालं होतं.

टॉप्स नव्हते. मी पट्टीच्या आतूनही बोट फिरवून पाहिलं. ते माझं काम होतं.

"दिवस गेलेत," ती म्हणाली. "दुसरा संपत आलाय."

मी तिच्या पोटाकडे पाहिलं. मला दोन मुलं आहेत. पाचव्या महिन्यापर्यंत मी नेहमीचे कपडे घालत होते. दुसऱ्या महिन्यात एवढं पोट? पटेना. आणि पटलं असतं तरी मी सावध राहिले असते. या धंद्यात मी पटण्यासारख्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात. एका मुलीने सुट्टीसाठी आपल्या धडधाकट आजोबांना दोनदा मारलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

ती बाकावर बसली. पिनांची साखळी सोडवली, तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

"मागच्या वर्षी सांगितलं होतं. इथे नाही, घरी. भडगावला आईला, इकडे सासूबाईंना, सगळ्या नातेवाइकांना. सगळे येऊन गेले. आणि मग ते राहिलं नाही. त्यानंतर जो तो विचारायला यायचा, काय खाल्लं होतंस, काय उचललं होतंस. या वेळी मी फक्त ह्यांना सांगितलंय."

"सासूबाईंनाही नाही?"

"नाही. म्हणून तर घरी उडदाची डाळ झाली की खावी लागते. नको म्हटलं तर का नको, ते सांगावं लागेल. आणि मग दिवसभर पोट असं."

"आणि तो हात? सारखा पदराखाली जातो तो?"

तिने मान वर केली. आपल्याला कुणीतरी स्क्रीनवर पाहिलंय, हे तिला तेव्हा कळलं असावं.

"सकाळी उठते तेव्हा पोट एकदम सपाट असतं, मॅडम. मला वाटतं, गेलं. मागच्या वेळसारखंच गेलं. मग दुपारनंतर फुगायला लागतं, की वाटतं, आहे. म्हणून हात जातो. बघायला, की आहे ना."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

"आणि आहे म्हणून बरं वाटतं, तेवढ्यात समोर आरसा येतो," ती म्हणाली. "आपल्या शोरूममध्ये जिकडे तिकडे आरसे. बाळाचं पोट दिसलं तर लोक कौतुकाने बघतात. हे तसं दिसत नाही. हे नुसतं सुटल्यासारखं दिसतं. परवा एका बाईंनी विचारलं, आधी इथे एक बारीक मुलगी होती ती कुठे गेली. मीच होते ती. मला आनंद व्हायला पाहिजे ना, मॅडम? मला तर माझ्याच पोटाचा राग येतो. आणि राग आला की भीती वाटते, की रागामुळे काही होईल."

मी तिला पाणी दिलं. मग जे म्हणायचं होतं तेच म्हटलं.

"उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर येते."

"म्हणजे तुम्हाला खोटं वाटतंय."

"मला काय वाटतं ते सोड. भाऊंसमोर मला ठाम बोलता आलं पाहिजे."

"भाऊंना सांगणार तुम्ही?" ती उभी राहिली. "आपल्या काउंटरवरची रूपाली सांगून बसली होती. तिला बॅक ऑफिसला टाकलं, मग बाळंतपणाला गेली ती गेलीच. परत बोलावलं कुणी तिला?"

हे खरं होतं. काउंटरवरची मुलगी गरोदर आहे कळलं की तिला मागे टॅग लावायला बसवायचे. तिथे इन्सेंटिव्ह नाही. आणि बाळंतपणानंतर जागा भरलेली असायची. कुणी काढायचं नाही, कुणी बोलवायचंही नाही. मी तिला शब्द दिला, की तिने सांगितल्याशिवाय मी हे कुणाला सांगणार नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावरून तिचा माझ्या शब्दावर विश्वास नाही हे दिसत होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही तिच्यावर ठेवला नव्हता.

सकाळी आम्ही गेलो. मी बाहेर बसले. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरबाईंनी हर्षदाला विचारलं, मॅडमना आत घ्यायचं का. ती हो म्हणाली.

"सगळं व्यवस्थित आहे. ठोके छान आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. हर्षदाने टेबलाची कड धरली होती, ती सोडली.

"मग एवढं पोट?" मी विचारलं.

"तो गर्भ नाही. गर्भ आत्ता द्राक्षाएवढा आहे. पिशवी अजून खाली, हाडांच्या आड आहे, बाहेरून दिसायची नाही. हा गॅस आहे."

मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. गर्भ टिकावा म्हणून शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं. ते पिशवीला सैल ठेवतं, पण त्याच्याबरोबर आतडीही सुस्तावतात. अन्न सावकाश पुढे सरकतं, गॅस साठतो, पोट साफ होत नाही. रात्रभर आराम मिळाला की सकाळी उतरतं, दिवसभर उभं राहून संध्याकाळी चढतं. कुणाला जास्त होतं, कुणाला कमी. माझ्या दोन बाळंतपणांवरून दुसरीचं पोट मोजता येत नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं.

"पोट उतरलं म्हणजे बाळ गेलं, आणि फुगलं म्हणजे आहे, असं काही नसतं," त्या हर्षदाला म्हणाल्या. तिने हे त्यांनाही सांगितलं असावं. "बाळाचा आणि फुगण्याचा संबंध लावू नका. खूप दुखलं, अंगावरून गेलं, काही पोटात ठरेना, तर लगेच या. बाकी रोज पोट तपासायचं काम माझ्यावर सोडा."

मग खाण्याचं सांगितलं. एकदम पोटभर जेवायचं नाही, दर थोड्या वेळाने थोडं, सावकाश चावून. पाणी दिवसभर पुरेसं, पण एका वेळी घोट घोट. सध्या उडीद, हरभरा ज्याने त्रास होतो ते कमी. जेवणानंतर जरा चालायचं. गॅसची गोळी किंवा चूर्ण मनाने आणायचं नाही, विचारून घ्यायचं. "आणि कमरेला काही आवळायचं नाही. हा वळ कसला?"

हर्षदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "युनिफॉर्मचा. बदलून देते."

शोरूमवर पोहोचले तेव्हा भाऊ वाटच बघत होते.

"काय मिळालं?"

"काही नाही. मशीन पिनांमुळे वाजलं. साडीचा हुक तुटला होता."

"हुक तुटला म्हणून माणूस दिवसभर पोट चाचपतो?"

"कारण आहे, भाऊ. मला माहीत आहे. पण ते तिचं खाजगी आहे, मी सांगू शकत नाही. चोरीशी संबंध नाही, याची जबाबदारी माझी."

भाऊ खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, एक जोड गेलाय. गार्ड म्हणते चोर नाही. मॅनेजर म्हणते खाजगी आहे. मग मी समजू काय? सगळ्यांचं मिळून काही चाललंय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझ्यावर संशय घेतला गेला. कसा लागतो ते कळलं.

"मला ती क्लिप पुन्हा बघू द्या," मी म्हटलं.

मी ती क्लिप एकटीने बघायला बसले. भाऊंनी पाहिली होती, मीही पाहिली होती, पण दोघांनीही फक्त हर्षदाचा डावा हात पाहिला होता. या वेळी हर्षदाकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं. काउंटरच्या बाहेरची बाजू बघितली.

समोर बसल्या होत्या त्या दोंडाईच्याच्या एक बाई. मोठं व्यापारी घर, तीन पिढ्यांची खरेदी आमच्याकडे. त्या आल्या की भाऊ केबिनमधून बाहेर येतात, कॉफी येते. ट्रे समोर. हातात रुमाल. त्यांनी काहीतरी मागितलं. हर्षदा मागच्या कपाटाकडे वळली. वळता वळता तिचा हात पदराखाली गेला. नेमक्या त्याच वेळी बाईंचा रुमाल ट्रेवर पसरला. घाम पुसावा तसा त्यांनी तो उचलला, घडी केला आणि पर्समध्ये ठेवला. रुमालाआधी ट्रेच्या कोपऱ्यात ती टॉप्सची फुलं होती. रुमालानंतर तिथे मोकळी जागा होती.

मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा चालवला. मग भाऊंना बोलावलं आणि स्क्रीनसमोर बसवलं.

त्यांनी पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"चुकून रुमालाबरोबर गेलं असेल," ते म्हणाले.

"असेल."

"त्यांना काय कमी आहे, मॅडम?"

"हर्षदाला तरी काय कमी होतं, भाऊ?"

त्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग बाईंच्या यजमानांना लावला. मी समोरच होते. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आधी तब्येत झाली, मग मुलीच्या लग्नाची तयारी, मग पाऊसपाणी. शेवटी, "वहिनींच्या पर्समध्ये आमचं काही चुकून आलंय का, जरा बघता? नाही, नाही, घाई नाही. आमच्या मुलींचाच गोंधळ असेल."

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर आला. मिठाईचा बॉक्स आणि एक छोटी थैली. थैलीत टॉप्स, टॅगसकट. यजमानांचा निरोप होता, की वहिनींच्या लक्षातच आलं नाही. चोरी हा शब्द कुणी काढला नाही. मिठाई स्टाफमध्ये वाटली. शोभाअक्कांनी घेतली नाही, शुगर आहे म्हणाल्या. त्यांना शुगर नाही.

भाऊ हर्षदाच्या काउंटरपाशी गेले.

"मिळाला बरं का तो जोड."

"कुठे होता, भाऊ?"

"होता इकडेच."

ती हो म्हणाली. मी तिला खरं काय ते त्याच दिवशी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना मशीन लावलं का?" मी म्हटलं, नाही.

युनिफॉर्मच्या टेलरला बोलावून मी सगळ्याच मुलींच्या पट्टीला मागे इलॅस्टिक घालून घेतलं. एकटीच्या साडीला घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. काउंटरमागे स्टूल आले. हर्षदाला मी बांगड्यांच्या काउंटरवर दिलं. तिथे आरसा लागत नाही, गिऱ्हाईक स्वतःचाच हात बघतं. डब्यातलं थोडं थोडं ती दिवसभर खायची. पोट तरीही फुगायचंच, पण वळ गेला. चौथ्या महिन्यानंतर हळूहळू ते कमी झालं आणि मग खरं पोट दिसायला लागलं. तेव्हा तिने घरी आणि इथे, दोन्हीकडे स्वतःहून सांगितलं. भाऊंनी सवयीने बॅक ऑफिस म्हटलं. मी म्हटलं, बांगड्या गरोदर बाईच्या हातात जास्त शोभतात, डोहाळजेवणाच्या खरेदीला येणाऱ्या बायका तिच्याच काउंटरवर थांबतात. धंद्याचं बोलले, म्हणून त्यांना पटलं.

तिला मुलगा झाला. दोघं सुखरूप. तिची जागा मी भरू दिली नव्हती. रजा संपत आली तेव्हा फोन केला.

"मॅडम, ह्यांना धुळ्याला नोकरी लागली. मी तिथेच एका साड्यांच्या दुकानात बघतेय," ती म्हणाली. जरा थांबली. "तुमच्याबद्दल काही नाही. पण आपल्या शोरूममध्ये अजून कुणी बघितलं की मला वाटतं, पोटाकडे बघतायत."

मी समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतं.

दोंडाईच्याच्या बाई अजून येतात. मुलीच्या लग्नाची सगळी खरेदी आमच्याकडेच केली. त्या आल्या की मी स्वतः काउंटरवर उभी राहते, आणि बोलता बोलता त्यांच्या हातांवर नजर ठेवते. त्यांना ते कळत असावं. त्याही हसून बोलतात.

संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, आणि मी तो घेते. फक्त पूर्वी संशय काउंटरच्या आतल्या बाजूला जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी घ्यायचे. आता दोन्हीकडे सारखा घेते.